अंगणातलं गॅरेज : रंग सगळ्यात शेवटी

मे महिना अर्धा सरला की घराघरात पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, घाई सुरू होते. सोलं वाळतात, मिरच्या वाळतात, सुकी मासळी डब्यात जाते, आणि मग कुणाची तरी नजर अंगणाच्या कोपऱ्यातल्या गाडीकडे वळते. पाऊस तोंडावर आलाय, हिचं काय करायचं? या खेपेला जुन्या पिकअपवरचीच पत्रं बरीच आली, म्हणून स्कूटरवाल्यांना पुढच्या अंकापर्यंत थांबवून ती सगळी एकदम घेतोय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाही, गाव पुरे.

नव्या वाचकांना माझी ओळख एवढीच : डिचोलीत ३१ वर्षं गॅरेज चालवलं, गुडघ्यांनी नको म्हटल्यावर शटर ओढलं. आता अंगणात माझी स्वतःची एक जुनी टाटा २०७ पिकअप आहे आणि तिच्याखाली शिरायला नातवाची मनधरणी करावी लागते.

प्रश्न (पेडणे) : आमच्या बाबांची टाटा २०७ डीआय, २००४ ची. बाबा होते तोवर रोज नारळ, हंगामात काजू घेऊन म्हापशाला जायची. ते गेल्यापासून ४ वर्षं आंब्याखाली उभी आहे. गणेश चवथीपर्यंत रस्त्यावर आणायची इच्छा आहे. पेंटरने सांगितलेली रक्कम परवडण्यासारखी आहे. रंगकाम आधी उरकू की इंजिन आधी पाहू? मी शाळेत शिकवतो, हातात पाना धरायची सवय नाही, पण शिकेन.

उत्तर : सर, पेंटरला सांगा, दिवाळीनंतर ये. रंग सगळ्यात शेवटी. आणि इंजिनही आधी नाही. आधी कागद, मग ब्रेक, मग डिझेलची टाकी, मग इंजिन, त्यानंतर पत्रा.

ब्रेक इंजिनाच्या आधी का, ते सांगतो. चार वर्षं गप्प असलेलं इंजिन एकदा धडधडलं की माणसाला राहवत नाही, तो गिअर टाकतोच. ‘जरा अंगणात दोन फूट पुढे घेतो’ म्हणतो. माझं एक गिऱ्हाईक असंच दोन फूट पुढे गेलं आणि शेजाऱ्याच्या गोठ्याच्या भिंतीला टेकल्यावर थांबलं. म्हैस बचावली, भिंत नाही.

कागदांचं आधी बघा, कारण तिथे गाडं अडलं तर बाकीचा खर्च मातीत. तुमची गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असणार, म्हणजे पिवळी पाटी. अशा गाडीला ८ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस लागतं, तुमचं ते चार वर्षं चुकलंय. शिवाय गाडी बाबांच्या नावावर, म्हणजे वारसाच्या नावावर करण्याचंही काम आहे. थकलेला कर, दंड, फी किती होते ते आरटीओत जाऊन कागदावर लिहून घ्या. आणि घरातून निघण्यापूर्वी चॅसिस नंबर शोधा. तो चॅसिसच्या पट्टीवर ठोकलेला असतो आणि आपल्याकडे नेमका तिथेच गंज चढतो. रॉकेलच्या फडक्याने पुसा, हलक्या हाताने पितळी ब्रश फिरवा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा. आकडे कागदावर उठले पाहिजेत, तपासणीलाही असाच ठसा घेतात. तिथे ग्राइंडर लावू नका, लावू देऊ नका! गंज काढायच्या भरात आकडेच उडवलेली एक गाडी मी पाहिली आहे. तिचं इंजिन उत्तम होतं. तिच्यावर आता कोंबड्या बसतात.

आता ब्रेकसाठी चाकं काढायची. इथे मला माझीच एक गोष्ट सांगू द्या, कारण गोव्यात प्रत्येकाच्या घरामागे जांभ्याच्या चिऱ्यांची रास असते आणि प्रत्येकाला हीच बुद्धी सुचते. गॅरेज सुरू करून दुसरं वर्ष. गाडीला टेकू द्यायच्या लोखंडी घोड्या दोनच होत्या आणि त्या दुसऱ्या गाडीखाली. मी पिकअप जॅकवर उचलली, मागच्या एक्सलखाली तीन चिरे एकावर एक रचले, वर फळीचा तुकडा ठेवला, जॅक उतरवला. गाडी छान बसली. चाक काढलं, ड्रम काढला, पाय लांब करून ब्रेकशूजची स्प्रिंग ओढत होतो. चहा आला म्हणून उठलो. कप तोंडाला लावला आणि मागे आवाज झाला. मोठा नाही, कुरमुरे चुरडल्यासारखा. मधला चिरा उभा चिरला, तिन्ही बसले आणि ब्रेकची बॅकप्लेट जिथे माझी मांडी होती तिथे जमिनीत रुतली. चिरा भिंतीत सगळीकडून सारखा दाबला जातो म्हणून शंभर वर्षं टिकतो. त्याच्या अंगात भोकं असतात, ओल असते, आणि दीड टनाच्या वरची गाडी एका टोकावर आली की तो आधी काही सांगत नाही. लोखंडी घोड्याच घ्या, चार घ्या. जमीन मातीची असेल तर घोडीखाली जाड फळी घाला. नुसत्या जॅकवर तर हातही आत घालायचा नाही.

चार वर्षं हँडब्रेक ओढलेला असेल तर मागचे लायनर (ब्रेकशूजवरचे घासणारे पट्टे) ड्रमला चिकटलेले असतील. दोरी लावून ट्रॅक्टरने ओढू नका. ॲडजस्टर सैल करा, ड्रमच्या कडेने गोल फिरत हातोडीने ठोका. बऱ्याच ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात, त्यात बोल्ट घालून दोन्ही थोडे थोडे, सारखे आवळले की ड्रम स्वतःच बाहेर येतो. आतली धूळ फुंकायची नाही, कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं आणि ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडर (चाकातला) आणि मास्टर सिलिंडर (पेडलकडचा) यांचे रबरी कप नवे, रबरी होज नवे, ब्रेक ऑइल नवं. हे काम पहिल्यांदा करताना शेजारी जाणता माणूस बसवा. शिकणं चांगलं, पण ब्रेकवर एकट्याने शिकू नये.

टाकीचा तळाचा बोल्ट सोडा आणि पहिलं डिझेल फेणीच्या रिकाम्या पारदर्शक बाटलीत धरा. रात्रभर ओट्यावर ठेवा. सकाळी बाटली तुम्हाला सगळं सांगेल : वर पिवळट डिझेल, खाली पाणी, आणि दोघांच्या मध्ये काळसर, शेवाळासारखा पदर. चार पावसाळ्यांचा दमट वारा टाकीत जाऊन साचलेलं ते पाणी, आणि त्याच्या सीमेवर वाढलेले जंतू. असा पदर दिसला तर टाकी उतरवून आतून धुवायची, डिझेलचे दोन्ही फिल्टर बदलायचे. टाकीला वेल्डिंग मात्र कुणी ‘रिकामीच आहे’ म्हणून करू लागला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा. रिकाम्या टाकीतली वाफच भडकते.

मग इंजिन. एअर फिल्टरचं झाकण उघडा. उंदराचं घरटं निघालं तर आश्चर्य नको, आणि हात घालण्याआधी काठी घाला, कधी उंदराच्या मागे आलेला पाहुणाही असतो. इंजिन ऑइल आणि फिल्टर बदला. डिझेल फवारणारे नोझल काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, एक रात्र जाऊ द्या, मग पुढच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडखळलं तर जोर करू नका, थांबा. मोकळं फिरलं तरच सेल्फ.

चवथीपर्यंत होणार नाही, सर. आताच सांगतो म्हणजे वाईट वाटायचं नाही. दसऱ्याला झेंडूची माळ घालता येईल इतपत येईल.

प्रश्न (माशेल) : महिंद्रा पिकअप, २००६, डीआय इंजिन. सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. एकदा उठली की दिवसभर अर्ध्या सेल्फला चालू. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या बदलून झाल्या. मेकॅनिक म्हणतो डिझेलचा पंप उतरवू. शेजारी म्हणतो हीटर प्लग गेलाय. कुणाचं ऐकू?

उत्तर : दोघांचंही नको. डीआय म्हणजे डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत फवारलं जातं. त्या काळच्या अशा इंजिनांना हीटर प्लग सहसा लागतच नाही, आणि माशेलात अशी थंडी ती कधी पडते? पंप गेला असता तर दुपारीही रडला असता. दिवसा शहाणी आणि सकाळी हट्टी, म्हणजे रात्रीत काहीतरी घडतंय. डिझेलच्या लाइनमध्ये कुठूनतरी हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे परत उतरतं. सकाळी तुमचा सेल्फ इंजिन फिरवत नाही, डिझेल वर ओढत बसतो.

फुकटची परीक्षा सांगतो. उद्या सकाळी सेल्फला हात लावण्यापूर्वी डिझेलच्या लाइनवरचा छोटा हातपंप वीस-तीस वेळा मारा, कडक लागेपर्यंत. मग सेल्फ. गाडी पहिल्या फटक्यात उठली तर निदान झालं.

आता हवा शिरते कुठून? लोक फडकं घेऊन ओलं कुठे आहे ते शोधतात आणि काही सापडत नाही म्हणून पंपावर घसरतात. टाकीपासून फीड पंपापर्यंतची (टाकीतून डिझेल ओढणारा तो) लाइन ओढणारी आहे. तिला पडलेलं भोक डिझेल गाळत नाही, हवा पितं. म्हणजे गळती कोरडी असते! फीड पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक पाइप तात्पुरता जोडा आणि इंजिन चालू ठेवून टॉर्चच्या उजेडात बघा. मोत्यांसारखे बुडबुडे सरकताना दिसले की टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत जा. क्लिपखाली चिरलेला रबरी पाइप, फिल्टरच्या वाटीची रबरी रिंग, हातपंपाचं सील, आणि सगळ्यात जास्त वेळा तांब्याचे वायशर, म्हणजे जोडातल्या चकत्या. पाइपात काहीच दिसलं नाही तर फीड पंपाचा व्हॉल्व्ह बघा. तो डिझेल परत जाऊ देत असेल.

वायशर नवे मिळाले तर उत्तमच. रविवार असेल आणि दुकान बंद असेल, तर जुना वायशर चिमट्यात धरून गॅसच्या शेगडीवर लाल करा आणि पाण्यात टाका. पोलाद असं केल्यावर कडक होतं, तांबं उलट मऊ पडतं. मऊ झालेला वायशर पुन्हा नव्यासारखा बसतो. (चिमटा घरातला घेतलात तर पुढचं तुमचं तुम्ही बघा.)

जोड आवळून झाले की फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग फेस-डिझेल, मग नुसतं डिझेल. तेव्हा आवळा. नोझलकडची एखादी बारीक नळी कुठे फवारा मारत असेल तर बोटाने दाबून बघू नका. त्या दाबाचं डिझेल कातडीतून आत जातं. वर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, आत हात सडतो.

आणि दोन बॅटऱ्या वाया गेल्या त्याचंही एक बघा. साधा मल्टिमीटर २० व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर तुमचं अर्थिंग खराब आहे. इंजिन आणि चॅसिसमधली ती गोफ विणलेली पट्टी सोडा, दोन्ही टोकं पॉलिश पेपरने चकचकीत करा, आवळा, वर थोडं ग्रीस. मी कित्येक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या अशा जिवंत केल्या आणि दुकानदारांचे शिव्याशाप घेतले.

प्रश्न (वाळपई) : आमचं दुधाचं काम आहे. पिकअप मी सांभाळते, चालवतात आमचे हे. दरवर्षी पावसाआधी खालून जळकं तेल (इंजिनातून काढलेलं जुनं) आणि रॉकेल मारून घेतो. यंदा ते मारणाऱ्याने दर वाढवलेत. घरी मारता येईल का? तरीही गंज येतोच, असं का?

उत्तर : ताई, तेल घरी मारता येतं, पण मारू नका. आमच्याच पिढीने ही सवय लावली, त्यामुळे दोष आमचाही आहे. जळकं तेल रबराला फुगवतं. पाट्यांचे (स्प्रिंगच्या पट्ट्यांचे) बुश, ब्रेकचे होज, शॉकॲबचे रबर सगळे मऊ पडतात. सत्तरी तालुक्यातली लाल धूळ त्याच्यावर बसून चिखलाचा लेप होतो, आणि लेप ओल धरून ठेवतो. तुमचा गंज त्या लेपाच्या आत सुखात असतो. उरलेलं तेल पहिल्या पावसाबरोबर अंगणात, तिथून विहिरीत. दुधाच्या घरात तर हे नकोच.

त्यापेक्षा मे महिन्याच्या कडक उन्हात खालून साध्या पाण्याने दाबाने धुवा आणि दोन दिवस उन्हात सोडा. मग सायकलची एक तार घेऊन भोकं मोकळी करा. दाराच्या खालच्या काठाला, केबिनच्या कोपऱ्यांत, चॅसिसच्या पेटीला पाणी निघून जाण्यासाठी भोकं ठेवलेली असतात. चिखलाने ती बुजतात आणि दार म्हणजे हंडा होतो. पाऊस वरून पडतो म्हणून पत्रा सडत नाही, आत गेलेलं पाणी बाहेर निघत नाही म्हणून सडतो. केबिनमधलं रबरी मॅटिंग वर्षातून एकदा पूर्ण उचला. तुमच्याकडे कॅनमधलं सांडलेलं दूधही असेल त्याच्याखाली. वासावरूनच कळेल.

छोटी हातोडी घेऊन चॅसिस ठोकत जा. टण्ण वाजलं तर धडधाकट. बद वाजलं तिथे पापुद्रा आहे. पाट्यांच्या हँगरच्या वरचा कोपरा आणि बॅटरीच्या खालची जागा नीट बघा. पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा, गंजावर लावायचं रसायन मिळतं ते लावा, वाळल्यावर रेड ऑक्साइडचे दोन हात, आणि त्याच्यावर काळा रंग हवाच. इथेच बहुतेक जण चुकतात. रेड ऑक्साइड लावला की काम झालं असं समजून गाडी पावसात काढतात. तो अस्तर आहे, त्याच्यातून पाणी झिरपतं. नुसतं अस्तर लावून पावसात गेलेली गाडी ऑक्टोबरात आतून फुगलेली असते. आणि आत भोक पडलेल्या पत्र्यावर कुणी लांबी (पुट्टी) भरून देत असेल तर तो गंजावर गादी घालतोय. पत्रा कापून नवा पत्राच जोडायचा. वेल्डिंगच्या आधी बॅटरीच्या दोन्ही तारा काढायच्या. चॅसिसलाच भोक असेल तर ते घरचं काम नाही.

हौद्यात, म्हणजे मागे माल भरायच्या जागेत, लाकडी फळ्या असतील (माझ्या गाडीत किंदळाच्या आहेत), तर त्यांना काजूच्या टरफलाचं तेल लावा. होड्यांना लावतात तेच. कीड जवळ येत नाही, पाणी धरत नाही. पण हातमोजे घालून. ते तेल अंगावर उडालं तर भाजल्यासारखे फोड येतात. आमच्या घरी एकदा नातवाने नको तिथे खाजवलं आणि आठवडाभर शाळा बुडवली. वाळून त्याचा दर्प पूर्ण गेल्याशिवाय दुधाचे कॅन वर ठेवू नका.

गाडी उभी करताना तोंड किंचित चढावर ठेवा, म्हणजे हौद्यातलं पाणी मागच्या फाळक्याकडून निघून जातं. प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम सुटतो. वर पत्रा, चारी बाजू उघड्या, एवढा मांडव पुरे. पावसाळ्यात जास्त दिवस उभी राहणार असेल तर हँडब्रेक सोडा, पहिला गिअर टाका आणि चाकाला लाकडी पाचर लावा.

प्रश्न (फोंडा) : मागच्या अंकात तुम्ही व्हील सिलिंडर रॉकेलने धुवायला सांगितलंत. मी धुतला. तिसऱ्या दिवशी ब्रेक अडकले, चाक तापलं. सिलिंडर खोलल्यावर रबरी कप फुगून चिंचोक्यासारखे झालेले. तुमच्यामुळे पाचशे रुपये आणि एक दिवस गेला.

उत्तर : बरोबर आहे तुमचं. मला म्हणायचं होतं सिलिंडरचं लोखंड, रबर बाजूला काढून. लिहिताना ते वाक्य राहिलं आणि ते राहायला नको होतं. रॉकेल, डिझेल, पेट्रोल, ग्रीस, इंजिन ऑइल यांतलं काहीही ब्रेकच्या रबराला लागलं की ते फुगतं. रबर धुवायचं ते ब्रेक ऑइलनेच. लोखंड रॉकेलने धुतलं तरी शेवटी ब्रेक ऑइलनेच खंगाळायचं, रॉकेलचा थेंब राहता कामा नये. कप बदललेत ते बरं केलंत, पण मास्टर सिलिंडरपर्यंत ते रॉकेलमिश्रित तेल गेलं असेल, तर त्याचेही कप बदला आणि सगळी लाइन नव्या तेलाने काढा. ज्यांनी ज्यांनी माझं वाचून तसं केलं असेल त्यांनी गाडी आजच खोलून बघा.

ब्रेक ऑइलचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ते हवेतली ओल शोषतं. अर्धा डबा कपाटात ठेवून पुढच्या वर्षी वापरायचा हिशेब आपल्या हवेत चालत नाही. दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. ओल धरलेलं तेल सपाटीवर कळत नाही. माल भरून चोर्ला घाट उतरताना ते तापतं, आतल्या पाण्याची वाफ होते, आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं.

प्रश्न (काणकोण) : जेटीवर मासळी वाहणारी पिकअप स्वस्तात मिळतेय. रंग नवा, टायर नवे. घेऊ का?

उत्तर : रंग नवा आहे, यावरूनच मला शंका येते. मासळीच्या गाडीत बर्फ आणि मीठ वितळून वर्षानुवर्षं चॅसिसवर ठिबकत असतं. वरून केबिन तुकतुकीत आणि खालून चॅसिस पापडासारखी, असं होतं. अंगणातल्या गंजाशी लढता येतं, या गंजाशी नाही. हातोडी आणि टॉर्च घेऊन खाली झोपा. मालकाने ‘कपडे खराब होतील’ असं म्हटलं तर गाडी न घेता घरी परता.

प्रश्न (साखळी) : टायरची नक्षी पूर्ण शिल्लक आहे, गाडी फारशी फिरली नाही. बदलायलाच हवेत का?

उत्तर : टायरच्या कडेवर लंबगोल चौकटीत चार आकडे शोधा. ३२१४ असेल तर २०१४ सालचा ३२ वा आठवडा. नक्षी दिसते, पण रबराचं वय दिसत नाही. बाजूच्या भिंतीवर नखाएवढ्या भेगा असतील तर माल भरून त्यांच्यावर घाटात जाऊ नका. बदला. स्टेपनीही बघा, ती सगळ्यात म्हातारी असते.

प्रश्न (कुडचडे) : पुढच्या काचेच्या रबरातून पाणी आत येतं, डॅशबोर्डखालून थेट फ्यूजवर. सिलिकॉन भरून झालं, उपयोग नाही. रबर इथे मिळत नाही. आणि मिळालं तर घरी बसवता येईल का?

उत्तर : सिलिकॉनने पाणी थांबत नाही, फक्त वाट बदलतं. जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून खिशात ठेवा, मडगावात विचारा, नाही तर बेळगावला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती द्या. दुकानदाराला मॉडेल सांगण्यापेक्षा तुकडा दाखवा, तो खाच बघून देईल. काच काढल्यावर खालची चौकट नक्की गंजलेली असेल, ती खरवडून, अस्तर-रंग देऊन चार दिवस वाळू द्या. घाई केली तर नवं रबर जुन्या गंजावर बसतं.

बसवायचं काम दोघांचं. रबर आधी काचेवर चढवा. रबराच्या दुसऱ्या, म्हणजे पत्र्याकडच्या खाचेत सगळीकडून दोरी दाबून बसवा, दोन्ही टोकं खाली मध्यावर एकमेकांवरून वीतभर जाऊ द्या. साबणाचं पाणी भरपूर लावा. काच बाहेरून चौकटीवर टेकवा, दोरीची टोकं केबिनच्या आत घ्या. एकाने बाहेरून तळव्यांनी दाबत राहायचं, दुसऱ्याने आत बसून दोरी हळूहळू, काचेला समांतर ओढायची. दोरी निघत जाते तसा रबराचा ओठ पत्र्यावरून आत उलटत जातो. कोपऱ्यात थांबा, बाहेरच्याला दाबायला सांगा, मग पुढे. बुक्की मारू नका, काच कोपऱ्यातूनच तडकते.

दोरी नायलॉनची घ्या. मी सुतळी वापरली होती, तिसऱ्या कोपऱ्यात तुटली आणि काच पुन्हा उतरवावी लागली. दुसऱ्या दिवशीही सुतळीच वापरली, कारण घरात तीच होती.